बॉयलर आणि प्रोसेस प्लांटचा ऑपरेटर होण्यासाठी: आयटीआयच्या अर्जापासून पॅनेलपर्यंत

वीज केंद्रात किंवा रासायनिक कारखान्यात ऑपरेटर व्हायचे असलेली मुले अभ्यासात कमी पडतात असे फारसे दिसत नाही. ती क्रमात चुकतात. शिकाऊ उमेदवारीच्या आधी कंत्राटदाराकडे नोकरी धरली जाते, नोंदणीच नसलेल्या बॉयलरवर दोन हंगाम काढले जातात, किंवा खालच्या पाइपलाइनी ओळखायच्या आत पॅनेलच्या, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या, खुर्चीवर बसण्याची घाई होते. यातल्या प्रत्येक चुकीची किंमत महिन्यांत नव्हे, वर्षांत मोजावी लागते. म्हणून हा लेख कोणती पायरी कशाच्या आधी यायला हवी, एवढ्यापुरताच मर्यादित ठेवला आहे. उदाहरणे महाराष्ट्रातल्या औष्णिक वीज केंद्रांची, साखर कारखान्यांची आणि तारापूर, रोहा, लोटे, पाताळगंगा, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांची आहेत.

पूर्वतयारी: प्रवेश घेण्याआधी तपासायच्या गोष्टी

सर्वांत आधी डोळे तपासून घ्यावेत, आणि त्यातही रंग ओळखण्याची चाचणी करून घ्यावी. पाइपलाइनीवरचे रंग, पॅनेलवरचे अलार्म, केबलचे रंग आणि सिग्नलचे दिवे यांवर ऑपरेटरचे सगळे काम चालते. त्यामुळे मोठ्या कारखान्यांच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा आढळला तर परिचालनाच्या जागेसाठी उमेदवार सहसा अपात्र ठरतो. रंगांधळेपणा बहुतेकदा जन्मापासून असतो, पण तो असलेल्या माणसाला अनेकदा त्याचा पत्ताच नसतो. दोन वर्षांचा कोर्स, एक वर्षाची उमेदवारी आणि लेखी परीक्षा पार पाडून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत हे समजण्यापेक्षा दहावीनंतर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा चाचणी करून घेणे कितीतरी स्वस्त पडते. दोष निघालाच तर यंत्र-देखभाल किंवा प्रयोगशाळेच्या बाजूचा विचार वेळेवर करता येतो, मात्र तिथली वैद्यकीय अटही आधी वाचून घ्यावी.

दुसरी गोष्ट उंचीची आणि बंद जागेची. बॉयलरच्या वरच्या प्लॅटफॉर्मवर जाळीदार पायऱ्यांवरून चढताना खालची जमीन दिसत राहते. मोठ्या वीज केंद्राचा बॉयलर पंधरा-वीस मजली इमारतीइतका उंच असतो आणि तिथली लिफ्ट नेमकी हवी तेव्हा चालू असेल याची खात्री नसते. ज्यांना चक्कर येते त्यांनी हे स्वतःशी मान्य करून मगच पुढे जावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. दहावीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि बँक खाते यांत नाव अक्षरशः एकसारखे असले पाहिजे. वडिलांचे नाव एकीकडे ‘पांडुरंग’ आणि दुसरीकडे ‘पांडूरंग’ असेल, तर शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरची पडताळणी अडकते आणि विद्यावेतनही अडकते. ही दुरुस्ती प्रवेशाच्या आधी करावी, कारण प्रमाणपत्रे छापली गेली की चूक त्यांच्यातही उतरते.

टप्पा १: आपले दार निवडणे

या क्षेत्रात येण्याची दारे वेगवेगळी आहेत आणि एका दाराने आत आलेल्याला दुसरे दार नंतर उघडेलच असे नाही.

दहावीत विज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसाठी आयटीआयमधला ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड हे सरळ दार आहे. कारखान्यात तो एओसीपी या नावानेच ओळखला जातो. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. अर्जात पर्याय भरताना मिळत्याजुळत्या नावांमुळे गोंधळ उडतो. केमिकल प्लांट हे शब्द असलेले आणखी तीन ट्रेड आहेत: उपकरण यांत्रिकी, देखभाल यांत्रिकी आणि प्रयोगशाळा सहायक. ते चांगले आहेत, पण प्लांट चालवण्याच्या जागेसाठी जाहिरातीत एओसीपी मागितले असेल तर ते चालणार नाहीत.

बी.एस्सी. झालेल्यांना आयटीआय न करताही याच ट्रेडची शिकाऊ उमेदवारी मिळू शकते. खतांचे कारखाने आणि तेलशुद्धीकरण कारखाने अशा जागा काढतात. काही ठिकाणी पदवीला रसायनशास्त्र मुख्य विषय असावा लागतो, तर काही ठिकाणी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असे तिन्ही विषय हवे असतात. म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी विषय निवडताना एक-दोन जुन्या जाहिराती समोर ठेवाव्यात. गणित सोडून सूक्ष्मजीवशास्त्र घेतले आणि तिसऱ्या वर्षी अट वाचली, असे दर वर्षी घडते.

पदविका किंवा पदवी घेतलेल्या अभियंत्यांची शिकाऊ उमेदवारी वेगळ्या योजनेतून, म्हणजे नॅट्समधून (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेतून) होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तिचे कामकाज मुंबईतले शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते. अभियांत्रिकीनंतर खास औष्णिक वीज केंद्राकडे वळायचे असेल, तर नागपूरच्या राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानातला एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा विचार करण्यासारखा पर्याय आहे.

महानिर्मितीच्या कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, पारस, भुसावळ किंवा नाशिकच्या केंद्रांकडे ज्यांचा डोळा आहे त्यांनी तंत्रज्ञ पदाच्या मागील जाहिरातीतला पात्र ट्रेडचा तक्ता शोधून वाचावा. एओसीपी हा मूळ रासायनिक कारखान्यांसाठीचा ट्रेड आहे. वीज केंद्राच्या जागांसाठी वीजतंत्री, फिटर, उपकरण यांत्रिकी अशा ट्रेडचे वजन अनेकदा जास्त असते.

*इशारा:* ‘सहा महिन्यांत पॉवर प्लांट ऑपरेटर, नोकरीची हमी’ अशी पाटी लावणाऱ्या खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी तिच्या प्रमाणपत्राला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, एवढेच लेखी विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे.

टप्पा २: शिकाऊ उमेदवारी, आणि ती नोकरीच्या आधी

ज्या चुकीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती इथली आहे. आयटीआय किंवा बी.एस्सी. संपते, घरी पैशांची निकड असते आणि जवळच्याच औद्योगिक वसाहतीतला कंत्राटदार हेल्पर म्हणून घेतो. वर्ष-दीड वर्ष जाते. मग मोठ्या कारखान्याची शिकाऊ उमेदवारीची जाहिरात येते आणि तिच्यात अट असते की, एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असलेला उमेदवार अपात्र. अनुभव लपवावा तर भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत तो दिसतो. त्यामुळे शक्य असेल तर उमेदवारी आधी पूर्ण करावी आणि नोकरी नंतर धरावी.

उमेदवारी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली होते. तिला अर्थ येतो तो केंद्र सरकारच्या पोर्टलवर करार नोंदला गेल्यावरच. कारखान्याच्या गेटवर ओळखपत्र मिळाले, बूट-हेल्मेट मिळाले आणि हजेरी लागू लागली, याचा अर्थ करार नोंदला गेला असा होत नाही. काही छोटे कारखाने मुलांना ‘ट्रेनी’ म्हणून घेतात आणि वर्षाच्या शेवटी स्वतःच्या लेटरहेडवर दाखला देतात. त्या दाखल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही मिळत नाही.

*तपासणी:* रुजू झाल्यापासून महिन्याभरात आपल्या लॉगिनमध्ये करार दिसतो का, त्यावर ट्रेडचे नाव बरोबर आहे का, आणि सुरू व संपण्याची तारीख आपल्या हजेरीशी जुळते का, हे पाहावे. ट्रेडचे नाव चुकले असेल तर ते पहिल्या महिन्यातच दुरुस्त करून घ्यावे.

कारखाना निवडण्याची संधी मिळालीच तर मोठ्या नावापेक्षा सतत चालणारी प्रक्रिया असलेला कारखाना निवडावा. अमोनिया, सल्फ्युरिक आम्ल, शुद्धीकरण, वीज यांसारख्या ठिकाणी प्लांट रात्रंदिवस चालतो, सुरू करणे आणि बंद करणे हे स्वतंत्र कसब असते, आणि बिघाडाच्या रात्री जे शिकायला मिळते ते पुस्तकात सापडत नाही. बॅच पद्धतीच्या कारखान्यात हाताला वळण चांगले लागते, पण पुढे मोठ्या प्लांटच्या मुलाखतीत उत्तरे अपुरी पडतात.

टप्पा ३: परमिट आणि आयसोलेशन, कोणत्याही व्हॉल्व्हला हात लावण्याआधी

बहुतेक शिकाऊ उमेदवारांना सुरक्षेचे व्याख्यान पहिल्या दिवशी दिले जाते आणि ते दुसऱ्या दिवशी विसरले जाते. व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष परमिटचा, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीचा, कागद हातात घेऊन शिकावे. आयसोलेशन म्हणजे यंत्र दाबापासून आणि विजेपासून तोडणे. पंपाचे ग्लँड (शाफ्टभोवतीचे गळती रोखणारे पॅकिंग) बदलायचे आहे असे धरा. देखभाल विभाग परमिट मागतो. ऑपरेटर सक्शन (पाणी आत येण्याच्या बाजूचा) आणि डिस्चार्ज (बाहेर जाण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद करतो, ड्रेन आणि व्हेंट उघडून दाब शून्य झाल्याची खात्री करतो, विद्युत विभागाकडून ब्रेकर बाहेर काढून घेतो, त्यावर कुलूप आणि टॅग लावतो आणि शेवटी जागेवरच्या बटणाने पंप सुरू होत नाही ना, हे दाबून पाहतो. हे शेवटचे बटण दाबणे सर्वांत जास्त वेळा वगळले जाते. चुकीच्या पंपाचा ब्रेकर निघाला असेल तर ते फक्त याच क्षणी कळते, आणि शेजारी-शेजारी ए आणि बी असे दोन सारखे पंप असतात तिथे तसे होणे मुळीच अवघड नाही.

टाकीत किंवा भट्टीत उतरण्याच्या परमिटवर ऑक्सिजनचे प्रमाण लिहिलेले असते. साध्या हवेत ते सुमारे २०.९ टक्के असते आणि १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचे नाही. मोजमाप टाकीच्या तोंडाशी घेऊन भागत नाही, तळाशी आणि मधल्या उंचीवरही घ्यावे लागते, कारण जड वायू तळाशी साचतात. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नसावा, असे कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये सांगितले होते आणि तो नियम अजूनही तितकाच महत्त्वाचा आहे.

*इशारा:* उच्च दाबाची अतितप्त वाफ डोळ्यांना दिसत नाही. फूत्कार ऐकू येतो पण गळती दिसत नाही, अशा वेळी हात पुढे करून शोधू नये. जुने लोक लांब काठीला चिंधी बांधून ती पुढे धरत चालतात. ती पद्धत हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

*इशारा:* मोठ्या जनित्रांना थंड ठेवण्यासाठी हायड्रोजन वापरतात. हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान तो असला तर मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणून हायड्रोजन भरताना आणि काढताना मध्ये कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे हायड्रोजन आणि हवा कधीच समोरासमोर येत नाहीत. हा क्रम तोंडपाठ असलाच पाहिजे.

टप्पा ४: लाइनी शोधणे

आता खरे शिक्षण सुरू होते आणि ते सर्वांत कंटाळवाणे आहे. प्लांटचा पाइपिंग आणि उपकरणांचा आराखडा, ज्याला सगळे पी अँड आयडी म्हणतात, त्याची प्रत मागून घ्यावी आणि एका वेळी एकच प्रणाली घेऊन ती पायी चालत तपासावी. सुरुवात थंड पाण्याच्या किंवा दाबलेल्या हवेच्या लाइनीपासून करावी, कारण तिथे चूक झाली तर हानी कमी होते. फीडवॉटर (बॉयलरला जाणारे पाणी) आणि वाफ त्यानंतर घ्यावी. इंधनाची लाइन सर्वांत शेवटी, आणि तीही कोणाच्या तरी सोबत.

चालताना आराखड्यावरचा प्रत्येक व्हॉल्व्ह, ट्रॅप (वाफेच्या लाइनीतले पाणी काढणारा भाग), ड्रेन, गाळणी आणि मोजमापाचे ठिकाण प्रत्यक्षात सापडते का ते पाहावे आणि घरी गेल्यावर आराखडा न पाहता वहीत तो पुन्हा काढावा. वहीतले चित्र आणि आराखडा जुळेपर्यंत पुढच्या प्रणालीकडे जाऊ नये. आराखड्यात नसलेला बायपास जागेवर सापडतो, किंवा आराखड्यात असलेला व्हॉल्व्ह केव्हाच काढून टाकलेला असतो. अशी विसंगती सापडली तर ती शिफ्ट इन्चार्जला सांगावी. वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते, आणि ती सांगणाऱ्या मुलाकडे लोक लक्ष देऊ लागतात.

*तपासणी:* डोळे मिटून विचार करावा: ‘ए’ फीड पंपाचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या बाजूने पोहोचता येते, तो हाताने चालतो की मोटरने, आणि अंधारात विजेरी नसताना तिथवर जाता येईल का. प्लांट अंधारात गेला की नेमके हेच लागते.

टप्पा ५: फेरी आणि लॉगशीट

दर तासाला आकडे लिहिण्याचे काम शिकाऊ मुलांवर सोपवले जाते आणि थोड्याच दिवसांत ते खुर्चीत बसून भरण्याची सवय लागते. मागच्या तासाचा आकडा पाहून पुढचा लिहायचा. सहीनिशी भरलेल्या अशा खोट्या लॉगशीटमुळे नोकऱ्या गेल्या आहेत, कारण अपघातानंतर चौकशीत पहिला कागद तोच काढला जातो.

फेरीचा उद्देश आकडे मिळवणे हा नाही, ते स्क्रीनवरही मिळतात. स्क्रीनला जे दिसत नाही ते पाहणे हा उद्देश आहे: बेअरिंगचा बदललेला आवाज, तेलाचा दुधाळ झालेला रंग, म्हणजे त्यात पाणी शिरले, ग्लँडमधून वाढलेली गळती, सैल झालेला पायाचा बोल्ट, वाफेच्या ट्रॅपच्या पुढची लाइन थंड असणे. हाताचा मागचा भाग बेअरिंगच्या आवरणाजवळ नेऊन, फिरणाऱ्या भागापासून लांब राहून, तापमानाचा अंदाज घेणे ही जुनी सवय अजूनही शिकण्यासारखी आहे, अर्थात आधी तापमान मोजणारे उपकरण वापरून.

टप्पा ६: यंत्रे सुरू करणे, उदाहरण पंपाचे

साध्या केंद्रापसारी पंपाचे उदाहरण घेऊ, कारण मुलाखतीत हाच प्रश्न येतो आणि अर्धेच उत्तर दिले जाते.

१. परमिट परत आले आहे, टॅग निघाला आहे आणि आसपास कोणी काम करत नाही, याची खात्री करावी.

२. बेअरिंगमधल्या तेलाची पातळी, थंड पाण्याचा प्रवाह, कपलिंगचे गार्ड पाहावे. ब्रेकर बाहेर असतानाच शाफ्ट हाताने फिरवून तो मोकळा आहे का, ते पाहावे.

३. सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा. अर्धा नाही. पंपाचा प्रवाह सक्शनने कधीही नियंत्रित करू नये, नाहीतर आत वाफेचे बुडबुडे तयार होऊन ते फुटत राहतात आणि इम्पेलर (पंपाचे आतले फिरते चाक) खाल्ला जातो. खडे पडल्यासारखा आवाज येतो तो त्याचाच.

४. व्हेंट उघडून हवा काढावी आणि पाण्याची सलग धार आल्यावर बंद करावा. तप्त पाण्याचा पंप असेल तर तो आधी हळूहळू तापू द्यावा.

५. स्टँडबाय (राखीव) पंप असेल तर सुरू करण्याआधी तो उलटा फिरत नाही ना, ते पाहावे. शेजारचा पंप चालू असताना डिस्चार्जचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नसेल, तर पाणी मागे येऊन स्टँडबाय पंप उलट दिशेने फिरतो. त्याच अवस्थेत मोटर सुरू केली तर शाफ्ट तुटू शकतो.

६. डिस्चार्ज बंद किंवा जेमतेम उघडा ठेवून पंप सुरू करावा, मोटरचा प्रवाह सुरुवातीच्या उसळीनंतर खाली आल्याची आणि दाब तयार झाल्याची खात्री करावी आणि डिस्चार्ज हळूहळू उघडावा. बंद डिस्चार्जवर पंप रेंगाळू देऊ नये, आतले पाणी तापते. बॉयलर फीड पंपाला म्हणूनच किमान प्रवाहाची परतीची लाइन असते.

आता महत्त्वाचा अपवाद. हा क्रम प्रत्येक पंपाला लागू नाही. ॲक्शिअल फ्लो पंप (पाणी शाफ्टच्या दिशेने ढकलणारा) बंद डिस्चार्जवर सर्वांत जास्त शक्ती ओढतो, म्हणून तो डिस्चार्ज उघडा ठेवून सुरू करतात. मोठ्या कूलिंग वॉटर पंपांच्या बाबतीत पंपाचा प्रकार पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये. दट्ट्याचा, गिअरचा किंवा स्क्रूचा पंप तर बंद डिस्चार्जवर कधीच सुरू करायचा नाही, कारण तो दाब वाढवतच जातो आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडला नाही तर काहीतरी फुटते. ‘डिस्चार्ज बंद ठेवून सुरू करा’ हे वाक्य पाठ करणारा उमेदवार समितीला लगेच ओळखू येतो.

टप्पा ७: बॉयलर

बॉयलरवर उभे राहणाऱ्याला पाण्याची पातळी ही एकच गोष्ट आधी कळली पाहिजे. गेज ग्लासमध्ये (पातळी दाखवणाऱ्या काचेत) पाणी दिसते म्हणून बॉयलरमध्ये पाणी आहे, असे गृहीत धरणे ही मोठ्या अपघातांची सुरुवात असते. ग्लासला जोडणारा मार्ग गाळाने तुंबला तर आतले पाणी संपले तरी ग्लासमधली पातळी तशीच उभी राहते. चालू बॉयलरची पातळी किंचित थरथरत असते. ती अगदी निश्चल दिसली तर आधी संशय घ्यावा.

चाचणीचा क्रम असा: ड्रेन उघडावा. वाफेचा कॉक बंद करावा, जोराने पाणी आले तर पाण्याचा मार्ग मोकळा. वाफेचा कॉक उघडून पाण्याचा बंद करावा, वाफ आली तर वाफेचा मार्ग मोकळा. मग पाण्याचा कॉक उघडावा आणि ड्रेन बंद करावा. पातळी झपकन वर आली पाहिजे. हळूहळू रेंगाळत चढली तर मार्ग तुंबत आला आहे. ही चाचणी दर पाळीच्या सुरुवातीला, शक्यतो मागचा माणूस अजून उभा असतानाच करावी. तोंडावर काचेची ढाल असावी आणि ग्लासच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे.

*इशारा:* चाचणीनंतरही ग्लासमध्ये पाणी दिसत नसेल तर इंधन बंद करायचे. घाबरून फीड पंप लावायचा नाही. तापून लाल झालेल्या नळ्यांवर थंड पाणी गेले तर काय होते, ते दुसऱ्यांदा सांगायला माणूस उरत नाही.

भट्टी पेटवण्याआधी ती हवेने धुवून काढणे, म्हणजे पर्ज करणे, हा दुसरा न मोडायचा नियम. मोठ्या बॉयलरवर ही प्रक्रिया साधारण ५ मिनिटे ठरावीक हवेच्या प्रवाहावर चालते आणि इंटरलॉक ही सुरक्षा यंत्रणा तिच्याशिवाय पेटवूच देत नाही. छोट्या बॉयलरवर ज्वाला विझली की लगेच पुन्हा बटण दाबण्याचा मोह होतो. आत साचलेले न जळलेले इंधन त्याच वेळी पेटते.

वाफेची लाइन सुरू करतानाची चूकही नेहमीचीच आहे. लाइन थंड असते, तिच्यात पाणी साचलेले असते, आणि मेन व्हॉल्व्ह एकदम उघडला की ते पाणी गोळ्यासारखे धावत जाऊन बेंडवर आदळते. म्हणून सर्व ड्रेन आधी उघडायचे, बायपासने लाइन तापवायची, ड्रेनमधून कोरडी वाफ येऊ लागल्यावर मेन व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा आणि मग ड्रेन बंद करायचे.

साखर कारखान्याच्या उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरवर मात्र आणखी एक कसब लागते. गाळप हंगामात चिपाडाचा ओलावा साधारण ५० टक्क्यांच्या आसपास असतो आणि पाऊस पडला, गाळप थांबले किंवा मिलची पिळणी बिघडली की तो वाढतो, ज्वाला मंदावते आणि दाब उतरतो. अशा हंगामात काम केलेला माणूस पुढे कोणत्याही बॉयलरवर लवकर रुळतो, असे माझे मत आहे.

टप्पा ८: पाळी सोपवणे

रिलिव्हरला, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला, ‘सगळे ठीक आहे’ एवढे सांगून गेटकडे धावणे हा दंडनीय अपराध मानला पाहिजे. जाणाऱ्याने चार गोष्टी सांगाव्यात: काय बंद आहे आणि कोणत्या परमिटवर, कोणता अलार्म दाबून ठेवला आहे आणि का, कोणता इंटरलॉक बायपास केलेला आहे आणि कोणाच्या परवानगीने, आणि पुढच्या आठ तासांत काय अपेक्षित आहे. येणाऱ्याने लॉगबुक मागील पाळीपुरते नाही, तर आपण शेवटी ज्या दिवशी कामावर होतो तिथपासून वाचावे. सुटीवरून आलेल्या माणसाचे अपघात याच ठिकाणी होतात.

टप्पा ९: बॉयलरचे सक्षमता प्रमाणपत्र

महाराष्ट्रात ही परीक्षा बाष्पके संचालनालयामार्फत होते. बॉयलर अटेंडंटची द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी, आणि अभियंत्यांसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, अशी तिची चढण आहे. शिक्षणानुसार अनुभवाची अट बदलते, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्याच वर्षीची जाहिरात समोर ठेवावी. १९२३ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा नवा बॉयलर कायदा आला आहे, त्यामुळे दुकानातल्या जुन्या गाइडमधले कलमांचे क्रमांक पाठ करून तोंडी परीक्षेला जाऊ नये.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतांशी अनुभवाच्या दाखल्यावरून. दाखल्यात ज्या बॉयलरवर काम केले त्याचा नोंदणी क्रमांक, तापणारे क्षेत्रफळ, कामाचे स्वरूप, आणि सुरू-शेवटच्या तारखा हव्यात. ‘आमच्या कारखान्यात तीन वर्षे समाधानकारक काम केले’ या वाक्याचा काही उपयोग नाही. नोंदणी नसलेल्या, ‘नॉन-आयबीआर’ (भारतीय बॉयलर नियमावलीबाहेरचे) म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या कॉइल बॉयलरला नोंदणी क्रमांकच नसतो, त्यामुळे तिथला अनुभव इथे चालत नाही. इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या प्रोसेस हाउसमध्ये दिसणारा थर्मिक फ्लुइड हीटर हा बॉयलर नव्हेच. त्यात वाफ तयार होत नाही, तेल तापते. तिथे कितीही वर्षे काढली तरी ती इथे मोजली जात नाहीत.

साखर कारखान्यात हंगामी काम करणाऱ्यांनी प्रत्येक हंगामाचा दाखला त्याच वर्षी घ्यावा. पाच वर्षांनंतर कारखान्याचे व्यवस्थापन बदललेले असते आणि जुने हजेरीपत्रक कोणी शोधत बसत नाही. गाळप संपल्यानंतरचे रिकामे महिने तोंडी परीक्षेच्या तयारीला उत्तम: प्रत्येक माउंटिंग (बॉयलरवर सुरक्षेसाठी बसवलेला भाग) कशासाठी आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह एकाऐवजी दोन का असतात, पाण्यातली कठीणता नळ्यांचे काय करते, दाब अचानक चढला तर प्रथम काय कराल.

टप्पा १०: पॅनेल

इथपर्यंत आलेल्याला डीसीएसची (संगणकीय नियंत्रण प्रणालीची) स्क्रीन शिकवायला फार दिवस लागत नाहीत, कारण चित्रातल्या प्रत्येक व्हॉल्व्हची जागा त्याला माहीत असते. आधीच पॅनेलवर बसलेल्याला मात्र ‘४०३ उघड’ म्हटल्यावर खालचा माणूस नेमके कुठे जाणार आणि किती वेळ लागणार, हे कळत नाही. त्यामुळे त्याच्या सूचना चुकीच्या क्षणी जातात.

पॅनेल शिकताना सिम्युलेटर उपलब्ध असेल तर तिथे फक्त सुरळीत सुरुवातीचा सराव करू नये. फीड पंप ट्रिप झाला (आपोआप बंद पडला), भट्टीत हवा ढकलणारा एक एफडी पंखा गेला, कंडेन्सरमधला निर्वात उतरू लागला, असे बिघाड मुद्दाम मागून घ्यावेत. २१० मेगावॅटच्या युनिटमध्ये वाफ साधारण १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर आणि ५४० अंश सेल्सिअसला असते आणि ड्रममधली पातळी काही सेकंदांत घसरते. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाबाच्या) युनिटमध्ये तर पाणी आणि वाफ वेगळे करणारा नेहमीचा ड्रमच नसतो. म्हणून २१० चा अनुभव घेऊन ६६० वर गेलेल्याने फीडवॉटर आणि इंधनाचे प्रमाण नव्याने शिकले पाहिजे. जुनी सवय तिथे उलटते.

पॅनेलवरच्या नवख्याची सर्वांत सामान्य चूक म्हणजे अलार्म दाबून गप्प करणे आणि काम झाले असे समजणे. ट्रिपच्या वेळी एका मिनिटात शंभरावर अलार्म येऊ शकतात. त्यातला पहिला कोणता होता, हे घटनाक्रमाच्या नोंदीतून शोधायला शिकावे. बाकीचे बहुतेक त्याचे परिणाम असतात. युनिट बंद होत असताना टर्बाइनचा वेग उतरल्यावर रोटर सावकाश फिरवत ठेवणारा बॅरिंग गिअर लागला का, हेही त्याच गोंधळात नजरेतून सुटते. तप्त रोटर थांबून राहिला तर वाकतो आणि पुढची सुरुवात कंपनांमुळे अडते.

पॅनेलचा स्वतंत्र ताबा घेण्याआधी शिफ्ट इन्चार्जसोबत बसून त्या दिवशी बायपास असलेल्या सर्व इंटरलॉकची यादी लिहून घ्यावी, प्रत्येकापुढे कोणाची परवानगी आणि केव्हापर्यंत ते नोंदवावे, आणि ज्याच्यापुढे तारीख उलटून गेली आहे त्याबद्दल विचारूनच सही करावी.